मातीत माती नको

मराठी माणूस मातीबद्दल वावगा शब्द ऐकून घेत नाही. माती म्हणजे आई, तीही काळी. तिच्यात जन्मायचे, तिच्यात राबायचे आणि शेवटी तिच्यातच मिसळायचे. त्यामुळे बोन्सायच्या कुंडीत माती जवळजवळ नसावी असे कोणी म्हटले, की लोक त्याच्याकडे आईला घराबाहेर काढणाऱ्या मुलासारखे पाहतात. माझे म्हणणे मात्र तेच आहे, आणि त्याला एक पुरवणीही आहे: बोन्सायचे मिश्रण करताना घटकाचे नाव, गाव आणि भाव नंतर विचारावेत. आधी दाणा केवढा ते पाहावे.

बोन्साय या जपानी शब्दातले 'बोन' म्हणजे उथळ ताट आणि 'साय' म्हणजे लागवड. दुधाशी तिचा संबंध नाही. ताटात झाड लावायचे म्हटले की शेताचे नियम संपतात. काळी माती शेतात गुणी असते, कारण उन्हाळ्यात तिला भेगा पडून हवा खोल जाते, गांडुळे तिची मशागत करतात आणि पाण्याला मुरायला खाली जागा असते. तीच माती दोन इंचांच्या ताटात भरली, की जुलैत चिखल होतो आणि मे महिन्यात खापर. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते, आणि ताटातल्या चिखलात त्यांचा जीव गुदमरतो. पटत नसेल तर भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. ठिबकणे थांबले की तोच उभा करा. आणखी पाणी गळेल. तळाशी पाणी किती उंचीपर्यंत अडून राहणार हे दाण्यांमधल्या फटी ठरवतात, कुंडीची उंची नव्हे. उंच कुंडीत निदान वरची मुळे सुटतात, ताटात मात्र सगळीच पाण्यात. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात. उथळ कुंडीतले पाणी बिचारे आवाज न करता झाड मारते. तळाला खडीचा थर दिला तरी उपयोग नाही, कारण बारीक मातीतले पाणी खडीत सहज उतरत नाही. थांबलेले पाणी उलट मुळांच्या आणखी जवळ येते.

यावर जाणकारांचा आक्षेप असतो, की खरे बोन्साय हवे तर जपानची अकादामाच हवी. अकादामा म्हणजे 'लाल गोळी': ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली दाणेदार माती, खणून, वाळवून, चाळून पोत्यात भरलेली. ती उत्तम असते, यात वाद नाही. पण जपानी माळी ती वापरतो, कारण ती त्याच्या पायाखाली सापडते. त्याचे अनुकरणच करायचे, तर आपणही आपल्या पायाखाली पाहावे, विमानाने आलेल्या पोत्यात नव्हे. शिवाय ही महागडी गोळी काही वर्षांत विरघळून पुन्हा चिकणमाती होते. चांगल्या भाजलेल्या विटेचा तुकडा तिच्यासारखाच पाणी पितो, हवा सोडतो आणि तिच्याहून जास्त टिकतो. त्याचा दोष एकच: त्याला जपानी नाव नाही.

दुसरा आक्षेप जास्त मायेचा असतो: विटा खाऊन झाड जगेल कसे? त्याचे उत्तर कोणत्याही जुन्या इमारतीच्या भिंतीवर उगवलेले असते. तिथल्या पिंपळाला कोणी शेणखत घातलेले नसते. दरवर्षी त्याला उपटतात आणि दरवर्षी तो विटांच्या सांध्यातून पुन्हा टवटवीत हसतो. जेवण बाहेरूनही देता येते, थोडे थोडे आणि वेळेवर. श्वास मात्र खतासारखा वरून घालता येत नाही. त्यासाठी जागाच ठेवावी लागते.

तेव्हा साधे प्रमाण असे: तीन वाट्या विटकर, एक वाटी जाड वाळू, एक वाटी पूर्ण कुजलेले, चाळलेले शेणखत. वीट पक्की हवी, कच्ची पाण्यात लगदा होते. सिमेंट चिकटलेला राडारोडा नको, आणि समुद्राची खारी वाळू तर नकोच. दाणा बाजरीहून मोठा आणि हरभऱ्याहून लहान. भुकटी निर्दयपणे काढून टाकायची, कारण हरभऱ्याच्या डब्यात रवा ओतला की फटी उरत नाहीत. असे मिश्रण लवकर सुकते, ही तक्रार रास्त आहे. विदर्भातल्या उन्हाळ्यात दोनदा पाणी घालावे लागेल, किंवा खताची वाटी जरा मोठी घ्यावी लागेल. कोकणातल्या पावसाळ्यात तीच वाटी लहान केलेली बरी. पण कोमेजलेल्या झाडाला वेळीच पाणी घालून वाचवता येते, कुजलेल्या मुळांवर उपाय फारसा उरत नाही. म्हणून बोन्सायचा नाद लागलेल्यांना एकच विनंती: झाड आणि ताट आणण्याआधी एक चाळणी आणा, आणि ती स्वयंपाकघरातली नसावी.