मासे नव्हतेच

गळ टाकून बसणाऱ्या माणसाचा संसार एका वाक्यावर तरलेला असतो: ‘आज मासेच नव्हते.’ पहाटे चारचा गजर लावून घरादाराची झोप मोडायची, दिवसभर खाडीवर उन्हात बसायचं आणि संध्याकाळी चिखलाच्या चपला घेऊन रिकाम्या हाताने परतायचं. एवढं सगळं त्या तीन शब्दांत माफ होतं. पाण्याखाली जाऊन खरंखोटं कोण करणार?

आता ते करणारं यंत्र निघालं आहे आणि आमच्या पुण्याच्या मेहुण्याने ते घेतलं आहे.

टेनिसच्या चेंडूएवढा काळा गोळा. दोरीला बांधून पाण्यात भिरकावला की तो तरंगत राहतो आणि खाली ध्वनिलहरी सोडतो. त्या पाण्यातून सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर धावतात, माशाला नाहीतर तळाला आपटून परत येतात आणि मोबाइलवर चित्र उमटतं. मेहुण्याने ही माहिती मला मालवणपर्यंतच्या प्रवासात तीनदा दिली. किंमत मात्र एकदाच सांगितली, तीही बायको चहाला उतरली तेव्हा.

खाडीच्या जेट्टीवर आम्ही दोनला पोचलो. शेजारी एक आबा साडेतीनला आले. नायलॉनची दोरी, एक गरी, करवंटीत चार सुंगटं, एवढंच सामान. बसता बसता पुटपुटले, ‘आज षष्ठी, साडेचाराक भरती.’ तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो, हा कोकणातला जुना हिशेब. मेहुण्याच्या ॲपने चार चाळीस दाखवले. त्या दहा मिनिटांच्या फरकासाठी तो वर्षाची वर्गणी भरतो.

गोळा पाण्यात पडला आणि पडद्यावर माशाचं चित्र आलं. मोठा मासा! मेहुण्याच्या हाताला कंप सुटला. गळ टाकला, मासा हलेना. आमिष बदललं, मासा जागच्या जागी. अर्ध्या तासाने तो आपण होऊन वर आला. ती एका साडीच्या दुकानाची पिशवी होती. पाण्यातून काहीही परतलं, मग ती पिशवी असो, बुडबुडा असो की कुजका झाप, की यंत्र त्यावर माशाचं चित्र चिकटवून मोकळं होतं. गिऱ्हाइकाने पैसे मोजलेत, त्याला मासा दिसायला नको का?

खरा मासाही त्याला दिसतो, नाही असं नाही, पण तो मुख्यतः पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे. हवेवरून ध्वनी जोरात परततो. मुशीला ती पिशवी नसते, सुरमईलाही नसते. म्हणजे ज्या सुरमईसाठी मालवणी माणूस खिसा उलटा करतो, तीच या यंत्राला सर्वांत पुसट दिसणार! शिवाय त्याची नजर खाली शंकूसारखी पसरते. नेहमीच्या वीस अंशांच्या शंकूत दहा फूट पाण्याच्या तळाशी साडेतीन फुटांचं वर्तुळ मावतं. एवढी मोठी खाडी आणि त्यात बघायला एक परात.

ही विद्या वाईट आहे असं मी म्हणणार नाही. 1948 साली जपानच्या नागासाकीतल्या फुरुनो बंधूंनी मासे शोधणारं पहिलं व्यापारी यंत्र आणलं, ते मासळीवर पोट असणाऱ्यांसाठी. समुद्राचं तापमान आणि हरितद्रव्य उपग्रहावरून पाहून मासळी कुठे असेल याचा अंदाज हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था आपल्या मच्छीमारांना फुकट देते. वीस वाव पाण्यात डिझेल जाळत फिरणाऱ्या तांडेलाला यंत्राचा पैसा वसूल होतो. उलट मासे शोधायची नि गोळा करायची अक्कल इतकी वाढली, की 2017 साली केंद्र सरकारला एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घालावी लागली. मासा सापडत नाही ही अडचण फक्त आमच्यासारख्या हौशांची आणि तिच्यावर आम्हीच सगळ्यांत जास्त खर्च करतो.

अमेरिकेत हा खर्च शिगेला पोचला आहे. तिथे आता यंत्राच्या पडद्यावर समोरचा मासा पोहताना थेट दिसतो, गळाकडे बघून त्याने तोंड फिरवलेलंही दिसतं. पडदा-बिडदा धरून दोन-चार लाख रुपये सहज जातात. एवढे पैसे देऊन माशाकडून अपमान करून घ्यायचा! बोटींवर पडद्यांची इतकी दाटी झाली, की 2025च्या मोसमासाठी ‘बॅसमास्टर एलिट’ या मासेमारीच्या स्पर्धेला नियम करावा लागला: सगळे पडदे मिळून 55 इंचांच्या वर नकोत. आमच्या दिवाणखान्यातला टीव्ही 43 इंची आहे. पण त्याच अमेरिकेत, 2022 साली, ईरी सरोवरावरच्या एका स्पर्धेत पहिल्या येऊ घातलेल्या जोडीचे मासे संयोजकाने चिरले, तेव्हा आतून शिशाचे गोळे निघाले. मासा शोधायला यंत्र असतं, माशाचं वजन वाढवायला अजून हातच लागतात.

तर खाडीवर. पाच वाजेपर्यंत पिशव्या वाहून गेल्या आणि पडद्यावर खरे मासे आले. चाळीसेक तरी असावेत. मेहुण्याने जपानी रबरी मासा टाकला, चमचा टाकला, शेवटी चपातीचा तुकडाही टाकला. चाळीसांपैकी एकानेही तोंड लावलं नाही. आबांनी तोवर दोन काळुंदरं आणि एक हातभर तांबोशी काढली होती. मेहुण्याने मोबाइल त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पडदा बघितला, कौतुकाने मान हलवली आणि म्हणाले, ‘मासो दिसता तो गावता असा नाय. ह्येका इचार बघू, तेका भूक कितीक वाजता लागतली?’

यंत्राला तो पर्याय नव्हता.

खरी चूक मेहुण्याने त्यानंतर केली. हौसेच्या भरात त्या चाळीस माशांचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. दोन मिनिटांत त्याच्या बायकोचं उत्तर आलं: ‘मासे होते, तर मग तुम्ही तिथे काय करत होतात?’ त्याखाली माझ्या बायकोचा अंगठा. घरी पोचल्यावर तिने मला शांतपणे विचारलं, ‘आणि मागची वीस वर्षं?’

गळवाल्याला या यंत्राची किंमत अशी मोजावी लागते आणि ती खोक्यावर छापलेली नसते. पैसे एकवेळ सुटतील, पण ‘आज मासेच नव्हते’ हे तीन शब्द गेले ते गेले. ज्याला मासे हवेत त्याने बाजारात जावं, आम्हीही परतताना तेच केलं. ज्याला खाडीवर बसायचं आहे त्याने साक्षीदार सोबत नेऊ नये.

मेहुणा आता थेट दिसणारं मोठं यंत्र घ्यायच्या विचारात आहे. मी पाऊणपट शिकलो. हे लिहितोय तो दिवस अष्टमीचा. भरती सहाला.