काढलेलं तीस दिवस, हरवलेलं शून्य

फेसबुकवरची पोस्ट तुम्ही स्वतःच्या हातानं काढून टाकलीत, तर ती तीस दिवस कचरापेटीत सांभाळली जाते. मन बदललं की उचला आणि परत लावा. ही सोय २०२० साली आली. इन्स्टाग्रामनं फेब्रुवारी २०२१ मध्ये तशीच पेटी दिली, तिथंही पोस्टला तीस दिवस. म्हणजे तुम्हाला जे नको होतं, ते महिनाभर जपायचं. आणि जे हवं होतं, तासभर बसून लिहिलं होतं, फक्त 'पोस्ट'चं बटण दाबायचं राहिलं होतं, ते मध्येच कुणाचा फोन आला म्हणून उडालं, तर त्याला तीस सेकंदांचीही मुदत नाही. विचारायला खिडकी नाही, अर्ज द्यायला टेबल नाही.

हा तांत्रिक दोष आहे, असं आपल्याला सांगितलं जातं. मी ते मानत नाही. प्रसिद्ध झालेला मजकूर कंपनीच्या कामाचा असतो, त्याच्या आजूबाजूला जाहिराती लागतात. प्रसिद्ध न झालेला मजकूर फक्त लिहिणाऱ्याच्या कामाचा. दोहोंपैकी कशाची काळजी घेतली जाते, ते उघड दिसतं.

नुकसान कसलं होतं ते बघा. ओळखीतल्या एक बाई, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. बरोबरीची शिक्षिका गेली, तेव्हा तिच्यावर लिहायला बसल्या. टाइप करायची सवय नाही, म्हणून बोलून लिहीत होत्या. फोन सगळं नीट ऐकतोच असं नाही. 'पाढे' म्हटलं की 'पाडे' उमटायचं, मग थांबून बोटानं 'ढ' आणायचा. पावसाळ्यात ओढ्याला पाणी चढलं की ही मैत्रीण पलीकडच्या वस्तीतल्या पोरांना स्वतः हाताला धरून शाळेत कशी आणायची, हे त्यात होतं. बाईंखेरीज ते कुणी लिहिण्याची शक्यता नव्हती. लिहून झालं. फोटो हवा म्हणून बाई व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये गेल्या, 'शुभ सकाळ'च्या ढिगातून निरोप समारंभाचा फोटो शोधला, परत आल्या. ॲप पहिल्यापासून उघडलं. समोर कुणाच्या तरी सहलीचे फोटो, आणि लिहायची चौकट रिकामी. बाईंनी ते दुसऱ्यांदा लिहिलं नाही. 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि जोडलेले दोन हात, एवढंच टाकलं.

झालं काय, ते साधं आहे. फोनची चालू कामाची मेमरी मर्यादित असते. तीन-चार जीबीच्या फोनवर दुसरं जड ॲप उघडलं की अँड्रॉइड मागचं ॲप बंद करून जागा मोकळी करतं. तुम्हाला वाटतं ते मागे उघडंच आहे, ते केव्हाच गेलेलं असतं. महागड्या फोनवर हे क्वचित घडतं. त्यामुळे ही ॲपं घडवणाऱ्यांना हे दुखणं स्वतःला फारसं भोगावं लागत नाही. ज्याच्या वस्तीवर चार दिवस टँकर आला नाही आणि जो स्वस्तातल्या फोनवर ते गाऱ्हाणं मांडत बसलाय, त्याचा मजकूर उडतो.

यात अँड्रॉइडला दोष देऊन सुटता येणार नाही. ॲपला मागे ढकलताना ते आधी निरोप देतं, की काय जपायचं ते आत्ता जपून घे. ही सोय पहिल्या आवृत्तीपासून आहे. तो निरोप ऐकून चौकटीतला मजकूर फोनवरच लिहून ठेवायचा की नाही, हे ॲप करणाऱ्यानं ठरवायचं. आणि मजकूर असा कितीसा? हजार शब्दांची मराठी पोस्ट वीसेक केबीत बसते. फोनवर काढलेला एक फोटो तिच्या शंभरपट जागा खातो.

शिवाय हे ज्ञान नवं नाही. बिल जॉय यानं सत्तरच्या दशकात, बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात असताना, 'व्हीआय' नावाचा मजकूर-संपादक लिहिला. त्या काळी एकाच संगणकावर अनेकजण काम करायचे आणि तो मध्येच बंद पडायचा. व्हीआय अर्धवट राहिलेला मजकूर बाजूला काढून ठेवायचा. संगणक पुन्हा सुरू झाला की वापरणाऱ्याला ईमेल यायचा: तुमची फाईल वाचवली आहे, परत आणायची तर ही आज्ञा द्या. त्याला आता पंचेचाळीसहून जास्त वर्षं झाली. त्या संगणकापेक्षा हजारो पटींनी ताकदवान यंत्र आज प्रत्येकाच्या खिशात आहे आणि आपला मजकूर वाचत नाही.

आपण लिहितो आणि टाकत नाही, हे फेसबुकनं मोजलेलंही आहे. सौविक दास आणि ॲडम क्रेमर यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जुलै २०१२ मधले १७ दिवस, ३९ लाख वापरकर्ते. चौकटीत पाचपेक्षा जास्त अक्षरं लिहिली आणि दहा मिनिटांत पोस्ट केली नाहीत, की त्याची नोंद. ७१ टक्के लोकांनी त्या काळात निदान एकदा तरी लिहून सोडून दिलं होतं. काय लिहिलं होतं ते आम्ही साठवलं नाही, लिहिलं की नाही एवढंच पाहिलं, असं त्यांनी स्पष्ट केलं. ते योग्यच. पण तुम्ही लिहायला लागलात, थांबलात, निघून गेलात, हे ज्या यंत्रणेला मिनिटांच्या हिशेबानं कळतं, तिला 'तुमचं लिखाण अर्धं राहिलंय' एवढं सांगता येत नाही, हे मला कुणी पटवू नये.

व्हॉट्सॲपला ते सांगता येतं. अर्धवट निरोप तिथं चौकटीत तसाच राहतो, आणि नोव्हेंबर २०२४ पासून यादीत त्या नावापुढे हिरव्या अक्षरांत 'ड्राफ्ट' असं दिसतं. व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम आणि फेसबुक, तिन्हींची मालक एकच, मेटा. फेसबुकवर लिहिता लिहिता मागे जायचं बटण दाबलं तर ठेवायचं की टाकायचं, असं विचारलं जातं, हेही खरं. पण तुम्ही रीतसर बटण दाबून निघालात तरच तो प्रश्न येतो. ॲपच बंद पडलं तर विचारणार कोण? कमेंटचे हाल तर सगळ्यांत वाईट. गावच्या जत्रेची जुनी प्रथा, एखाद्या नाटकाच्या पहिल्या संचातली नावं, बंद पडलेल्या गिरणीत कोण कोणत्या खात्यात होतं, असलं मोलाचं मराठी लेखन हल्ली कमेंटमध्येच होतं. आणि बहुतेक ठिकाणी पान ताजं झालं की ती अर्धवट कमेंट गेली.

बरं, ड्राफ्ट म्हणून मुद्दाम ठेवलेलं तरी सुरक्षित असतं का? इन्स्टाग्रामनं २०१६ मध्ये ड्राफ्टची सोय दिली. ते राहतात त्या फोनवरच्या त्या ॲपमध्ये. ॲप काढून पुन्हा टाकलं, गेले. फोन बदलला, गेले. एक्सच्या, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरच्या, ॲपमधले ड्राफ्टही त्या फोनपुरतेच, संगणकावर दिसणार नाहीत. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात जरा उभं राहून बघा. काउंटरपलीकडचा पोरगा सांगतो, "ताई, रिसेट मारायला लागेल. फोटो, नंबर सगळं बॅकअपला घेतो, टेन्शन नका घेऊ." ताईंचा घरगुती फराळाचा धंदा. दिवाळीसाठी त्यांनी चकलीच्या भाजणीपासून अनारशांपर्यंत रील करून ठेवलेत, मागे स्वतःचा आवाज, खाली किलोचे भाव, सगळं ड्राफ्टमध्ये. बॅकअप फोटोंचा होतो, नंबरांचा होतो. ड्राफ्टचा होत नाही. हे त्या पोराच्याही गावी नसतं. ताईंना ते घरी जाऊन ॲप उघडल्यावर कळतं, आणि तोवर वसुबारस आलेली असते.

टिकटॉकच्या वेळी हेच मोठ्या प्रमाणावर झालं. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारनं त्यासह ५९ ॲपवर बंदी घातली. बंदी बरोबर की चूक, तो वाद वेगळा. पण उद्या लावू म्हणून ज्यांनी व्हिडिओ ड्राफ्टमध्ये ठेवले होते, त्यांना ॲप वापरताच येईना. फोन त्यांचा, मेहनत त्यांची, पण त्या कामापर्यंत पोचायची वाट फक्त त्या ॲपमधून होती.

आता, उडालेलं परत मिळतं का? कधी कधी. घाबरून पान खाली ओढू नका, त्यानंच उरलंसुरलं जातं. संगणकावर असाल तर पहिल्यांदा कंट्रोल-झेड. टॅब बंद झाला असेल तर कंट्रोल-शिफ्ट-टी. फायरफॉक्स बऱ्याचदा टॅबबरोबर चौकटीतला मजकूरही आणून देतो. लिहिताना मध्ये काही कॉपी केलं होतं का, ते आठवा. जीबोर्डचा क्लिपबोर्ड चालू असेल तर कॉपी केलेलं त्यात तासभर राहतं, पिन केलं तर पुढेही. विंडोजवर ती सोय आधी चालू केलेली असेल, तर विंडोजचं बटण आणि 'व्ही' एकत्र दाबलं की कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टींपर्यंत यादी समोर येते. यातलं काहीच लागू पडलं नाही, तर मजकूर गेला असं समजा. जो कंपनीच्या सर्व्हरवर कधी पोचलाच नाही, तो तिथून कुणीही काढून देऊ शकत नाही.

हे पक्कं ध्यानात ठेवा, कारण उलट सांगणारे टपून बसलेले आहेत. ड्राफ्ट परत मिळवून देतो म्हणणारी ॲपं पासवर्ड मागतात, बाहेरून फाईल टाकायला लावतात, नाहीतर 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी मागतात. ही परवानगी अंध व अपंग वापरकर्त्यांच्या मदतीसाठी आहे. ती हाती आलेलं ॲप तुमच्या पडद्यावरचं वाचू शकतं, तुमच्या वतीनं बटणं दाबू शकतं. बँकेचा ओटीपीही त्याच पडद्यावर येतो. चार परिच्छेदांपायी खातं धुऊन निघायला नको. परवानगी देऊन बसला असाल तर आधी ती काढा. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, कारण चोरीचे पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फार झपाट्यानं फिरवले जातात.

लांबलचक लिहायचं तर आधी नोट्समध्ये किंवा गूगल कीपमध्ये लिहा, तिथून उचलून इकडे आणा. कमेंट पाठवण्याआधी सगळं निवडून एकदा कॉपी करा. उपयोगाचा सल्ला आहे, मी स्वतः तो पाळतो. पण तो देताना संताप येतो. त्या निवृत्त बाईंनी सत्तरीत हे सगळं शिकायचं, आणि ज्यांनी ती चौकट बनवली त्यांनी काहीच करायचं नाही?

एक आक्षेप मात्र रास्त आहे. न पाठवलेलं लिखाण जपा म्हणताना, ते कंपनीच्या हाती द्या असं होत नाही का? रागाच्या भरात साहेबाला लिहिलेलं, जुन्या नात्यातल्या माणसाला लिहून खोडलेलं, ते कुणाच्या सर्व्हरवर कशाला जायला हवं? मुळीच जाऊ नये. म्हणून मागणी नेमकी करायला हवी. मसुदा आपोआप जपला जावा आणि तो फोनवरच, कुलूपबंद राहावा. बाहेर न्यायचा तर लिहिणाऱ्याला विचारून. फोन बदलताना फोटोंबरोबर तो नव्या फोनवर यावा. आणि मनात आलं की साध्या फाईलमध्ये काढून घेता यावा. लिहिणारा तो पुसेल तेव्हा मात्र खरोखर पुसला जावा.

काढून घेण्याची मागणी काही जगावेगळी नाही. युरोपीय संघाचा माहिती संरक्षण कायदा मे २०१८ पासून लागू आहे. आपण दिलेली माहिती उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क त्याच्या कलम २० मध्ये आहे. आपल्याकडे अशाच कायद्याच्या २०१८ च्या मसुद्यात आणि २०१९ च्या विधेयकात हा हक्क होता. २०२३ मध्ये संसदेनं डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला, त्यात तो उरला नाही. माहिती पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा, पुसून घेण्याचा हक्क मिळाला, सोबत नेण्याचा गळला. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं, तेव्हा आपापला ऐवज उतरवून घ्यायला गूगलनं दोन वर्षं दिली होती. ती कंपनीची मर्जी होती. दुसरी कंपनी दोन दिवसही देणार नाही, आणि आपला कायदा तिला काही विचारू शकणार नाही.

तेव्हा पुढच्या दुरुस्तीत ते कलम परत यायला हवं. आणि येताना त्यात 'वापरकर्त्यानं लिहिलेला, प्रसिद्ध केलेला वा न केलेला मजकूर' असे स्पष्ट शब्द हवेत. नाहीतर पळवाट तिथंच निघेल.