कुठपर्यंत येतंय?

पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या कुठल्याही बऱ्यापैकी मोठ्या कंपनीच्या आयटी विभागात, शेवटच्या रांगेत, एसीच्या बरोब्बर झोताखाली एक टेबल असतं आणि त्या टेबलाशी पन्नाशीकडे झुकलेला एक गृहस्थ असतो. अंगात बारा महिने स्वेटर, कारण उमेदीची सगळी वर्षं सर्व्हर रूमच्या गारठ्यात गेलेली. गळ्यातल्या कार्डावरचं पद दर तीन-चार वर्षांनी बदलतं. आधी सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर, मग इन्फ्रा लीड, आता प्लॅटफॉर्म इंजिनियर. काम तेच. एरवी त्याला कुणी विचारत नाही. कुणाच्या वाढदिवसाचा केक कापताना त्याला बोलवायचं हमखास राहून जातं. पण शनिवारी रात्री एखादी मशिन जुन्या सर्व्हरवरून नव्या सर्व्हरवर हलवली आणि ती उठायचं नाव घेईना, की अख्ख्या कंपनीला त्याचा मोबाइल नंबर तोंडपाठ असल्याचं उघडकीला येतं.

मशिन म्हणजे इथे लोखंडी डबा अभिप्रेत नाही. व्हर्च्युअल मशिन म्हणजे एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात चालणारा, स्वतःला खरा समजणारा संगणक. त्याची डिस्क ही शेवटी एक फाइल असते, आणि फाइल म्हटली की मॅनेजरच्या डोळ्यांत चमक येते. ‘कॉपीच तर करायचीय ना?’ हे वाक्य कानावर पडलं की आमचा गृहस्थ चष्मा काढून पुसायला घेतो. फाइल कॉपी होते, त्याबद्दल वाद नाही. पण आतल्या युनिक्सने जुन्या जागी मुक्काम असताना काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. डिस्क अमुक कंट्रोलरवर आहे, नेटवर्क कार्डाचा पत्ता तमुक आहे, बूट बायोसवरून होतं. ही गृहीतकं फाइलीबरोबर इमाने इतबारे नव्या जागी येतात. कंट्रोलर, कार्ड आणि बायोस मात्र मागेच राहतात.

अलीकडे त्याचे दिवस पालटले आहेत. २०२३च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर, म्हणजे अशा मशिनी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची कंपनी, विकत घेतली, पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री बंद झाली आणि सगळ्यांना वर्गणीच्या रांगेत उभं केलं गेलं. नवं कोटेशन पाहिल्यावर फायनान्समधली जी मंडळी हायपरव्हायझर हा शब्द एका दमात उच्चारू शकत नव्हती, तीही ‘आपण केव्हीएमवर का जात नाही?’ असं विचारू लागली. कुणी प्रॉक्समॉक्सवर निघालं, कुणी हायपर-व्हीवर, कुणी क्लाउडवर. गृहस्थाच्या शनिवारांना भाव आला.

फोन उचलल्यावर तो ‘हॅलो’ म्हणत नाही. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला आहे.

‘कुठपर्यंत येतंय?’

‘सर, बूटच होत नाहीये.’

‘ते कळलं. पण कुठपर्यंत येतंय?’

समोरचा पोरगा गडबडतो. त्याच्या लेखी मशिन एक तर चालते, नाही तर चालत नाही. गृहस्थाच्या लेखी मधे पाच-सहा मुक्काम आहेत आणि गाडी कुठल्या मुक्कामावर अडकली, यावरच सगळं निदान अवलंबून आहे. मग व्हॉट्सॲपवर फोटो येतो. एका बटणावर स्क्रीनशॉट निघत असताना पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो. तिरपा, मधोमध ट्यूबलाइटचं प्रतिबिंब आणि नेमकी महत्त्वाची वरची ओळ कापलेली. ‘वरची ओळ पाठव,’ असं उत्तर जातं. तेवढ्यात पोराने मशिन पुन्हा चालू केलेली असते.

पडदा काळा आणि बूट करण्याजोगं काहीच सापडलं नाही असा निरोप असेल, तर तो विचारतो, ‘जुनी मशिन यूईएफआयवर होती का रे?’ हायपर-व्हीमध्ये नवीन मशिन करताना पहिली पिढी की दुसरी, असं विचारतात. पहिली जुन्या बायोसची, दुसरी त्याच्या जागी आलेल्या यूईएफआयची. दुसरी म्हणजे नवी, नवी म्हणजे चांगली, या हिशोबाने पोरं डोळे मिटून दुसरी निवडतात आणि बायोसवर वाढलेली डिस्क तिथे नेऊन बसवतात. उलट बाजूची गंमत आणखी बारीक आहे. यूईएफआयवरच्या मशिनीत कुठल्या फाइलीपासून बूट करायचं ही नोंद डिस्कवर नसते. ती मशिनीच्या एनव्हीरॅममध्ये असते. डिस्क नवीन जागी पोचते, नोंद जुन्या जागीच राहते. मग फर्मवेअरच्या मेन्यूत शिरायचं, ईएफआयच्या विभाजनात हिंडून बूटलोडरची फाइल शोधायची आणि बोट ठेवून ‘ही घे’ म्हणून दाखवायची. हे काम तो फोनवरून डोळे मिटून करवून घेतो.

ग्रब या बूटलोडरच्या रेस्क्यू प्रॉम्प्टवर अडकलं असेल तर तो जरासा हळवा होतो. पूर्वी लिलो नावाचा बूटलोडर होता. तो आपल्या नावातली अक्षरं एकेक करून पडद्यावर छापत पुढे जायचा, त्यामुळे ‘एल’ वर थांबला तर दुखणं एक आणि ‘एल-आय’ वर थांबला तर दुसरं. चार अक्षरांत संपूर्ण रोगनिदान! हे तो दरवर्षी नव्या ट्रेनींना सांगतो. ट्रेनी आदराने मान डोलवतात आणि टेबलाखाली मोबाइल बघतात.

त्याचा सर्वात लाडका रोग मात्र पुढच्या मुक्कामावर भेटतो. कर्नल सुरू झालं, अक्षरं भराभर वर सरकली आणि मग पॅनिक: रूट फाइलसिस्टिम माउंट करता येत नाही. किंवा ड्रॅकट नावाच्या साधनाची ओळ, की अमुक डिस्क अस्तित्वातच नाही. इथे तो स्वेटरच्या बाह्या वर करतो. लिनक्स बूट होताना आधी इनिटरॅमएफएस नावाचं एक छोटं गाठोडं मेमरीत उघडतं आणि डिस्कपर्यंत पोचायचे ड्रायव्हर त्यातून मिळतात. रेड हॅटच्या घराण्यात हे गाठोडं काटकसरीने बांधलेलं असतं. ज्या मशिनीवर बांधलं तिला लागतील तेवढेच ड्रायव्हर आत. व्हीएमवेअरच्या डिस्कसाठी बांधलेल्या गाठोड्यात केव्हीएमचा व्हर्टआयओ ड्रायव्हर कशाला असेल? म्हणजे डिस्क समोर आहे, तिच्यावर ड्रायव्हरही आहे, पण तो वाचायला डिस्क उघडता यायला हवी आणि डिस्क उघडायला तो ड्रायव्हर हवा. डेबियनवाले बहुतेक सगळे ड्रायव्हर आधीच कोंबून ठेवतात, त्यामुळे त्यांना सहसा हा त्रास होत नाही, हे तो जरा नाखुशीनेच मान्य करतो.

उपाय त्याला झोपेतही येतो. रेड हॅटच्या सातव्या आवृत्तीपासून मेन्यूत तळाला ‘रेस्क्यू’ लिहिलेलं एक कर्नल असतं. त्याचं गाठोडं सढळ हाताने बांधलेलं असतं. तिथून मशिन उठवायची, ड्रॅकट चालवून नवं गाठोडं बांधायचं, पुन्हा बूट करायचं. तेही नसेल तर इन्स्टॉलेशनच्या आयएसओवरून चढायचं, डिस्क माउंट करायची, डेव्ह, प्रॉक आणि सिस यांची जोडणी द्यायची, सीएचरूट करून आत शिरायचं आणि तेच काम करायचं. हलवण्याआधी जुन्या जागीच व्हर्टआयओ ड्रायव्हर गाठोड्यात घातला असता किंवा व्हर्ट-व्ही२व्हीसारखं साधन वापरलं असतं, तर यातलं काहीच करावं लागलं नसतं. हे त्याने चेंज रिक्वेस्टमध्ये लिहिलेलं असतं. तिसऱ्या पानावर. तिसरं पान कुणीही वाचत नाही, हे त्याला ठाऊक असतं. मग पहिल्या पानावर का लिहीत नाही, असा संशय माझ्याप्रमाणे इतरांनाही आला असेल.

हे सगळं चालू असताना ब्रिज कॉलवर मंडळी जमलेली असतात. प्रोजेक्ट मॅनेजर, त्याचा मॅनेजर, क्लायंटकडचा एक न बोलणारा माणूस आणि ज्याच्याकडे प्रेशर कुकर वाजतोय पण म्यूट करायचं राहून गेलंय असा एक जण. दर दहा मिनिटांनी ‘एनी अपडेट?’ होतं. गृहस्थ ‘चेकिंग’ एवढंच म्हणतो. त्याच्या ‘चेकिंग’मध्ये सूर असतात. लांबवलेलं ‘चेकिंऽऽग’ म्हणजे सापडलंय. तुटक ‘चेकिंग’ म्हणजे रोलबॅकची तयारी ठेवा. त्याच्या हाताखाली बराच काळ काढलेल्यांना ते ओळखू येतं आणि त्यावरून ते जेवण मागवायचं की नाही ते ठरवतात.

कधी कधी मशिन अगदी दाराशी येऊन थांबते. पडद्यावर लाल चांदण्या इकडून तिकडे सरकत राहतात आणि खाली लिहिलेलं असतं, की अमुक डिस्कची वाट पाहणं चालू आहे, मुदत दीड मिनिट. दीड मिनिट संपलं की इमर्जन्सी मोड, रूटचा पासवर्ड द्या. एफएसटॅब नावाच्या फाइलीत कधी काळी कुणीतरी बॅकअपची एक बाहेरची डिस्क लिहून ठेवलेली असते. तो माणूस कंपनी सोडून गेला, डिस्क भंगारात गेली, ओळ राहिली. बूटची सूत्रं हातात असलेलं सिस्टमडी त्या न येणाऱ्या पाहुण्यासाठी अख्खी पंगत खोळंबवून बसतं. ‘नोफेल’ एवढा एक शब्द त्या ओळीत असता तर पाहुण्याविना वाढायला सुरुवात झाली असती. जुन्या मशिनींवर याच फाइलीत डिस्कचं नावच ठोकून लिहिलेलं असे. आयडीईवर एचडीए, स्कझीवर एसडीए, व्हर्टआयओवर व्हीडीए, झेनवर एक्सव्हीडीए. कंट्रोलर बदलला की नाव बदललं आणि फाइल खोटी ठरली. यूयूआयडी लिहायची पद्धत रुळली तेव्हापासून ही कटकट कमी झाली. गृहस्थाला मात्र कुठल्या मशिनीवर कुठलं नाव होतं ते अजून आठवतं. लग्नाचा वाढदिवस आठवत नाही.

पडदा रिकामा असला की सगळे घाबरतात. तो शांतपणे पिंग करून बघतो. कन्सोल सिरियल पोर्टवर वळवलेला असला की मशिन व्यवस्थित चालू असूनही पडद्यावर चकार शब्द उमटत नाही. आणि पडदा ठीक पण पिंग नाही, तर नेटवर्कचं नाव बदललेलं. सेंटओएसच्या सहाव्या आवृत्तीत नवा मॅक पत्ता दिसला की ईथ-झिरो गायब होऊन ईथ-वन उगवायचं, कारण यूडेव्हच्या नियमांत जुन्या कार्डाच्या नावाने जागा राखून ठेवलेली असे. आता व्हीएमवेअरवरचं ईएनएस-१९२ प्रॉक्समॉक्सवर ईएनएस-१८ होतं. याला भाकित करता येणारी नावं म्हणतात. हे वाक्य म्हणताना त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

लिनक्सला युनिक्स म्हटलेलं त्याला चालत नाही, हे जाता जाता सांगून ठेवलं पाहिजे. त्याच्या मते १९६९मध्ये बेल लॅब्जमध्ये जन्मलं ते युनिक्स, बाकी भाऊबंद. फ्रीबीएसडीबद्दल तो विशेष जिव्हाळ्याने बोलतो, कारण रूट डिस्क सापडली नाही तर ते आरडाओरडा न करता प्रॉम्प्ट देऊन विचारतं, आणि प्रश्नचिन्ह टाइप केलं तर जवळ असलेल्या डिस्कची यादी समोर ठेवतं.

घरीही त्याचा प्रश्न तोच. मुलगा म्हणाला, गणित जमत नाही, की ‘कुठपर्यंत येतंय?’ मिक्सर बंद पडला, तरी तेच. सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेत बिल्डरचा माणूस फाइल महापालिकेत अडकल्याचं सांगत होता, तेव्हा मागच्या खुर्चीवरून ‘अडकली कळलं, कुठल्या टेबलापर्यंत आलीय?’ असा आवाज आला आणि सभेला प्रथमच खरी माहिती मिळाली. बायकोने मात्र एकदा पोट दुखत असल्याचं सांगून त्याचं तोंड उघडायच्या आत ‘विचारू नकोस’ म्हणून बजावलं होतं.

सोमवारी आरसीए, म्हणजे बिघाडाच्या मूळ कारणाचा अहवाल, लिहायचा असतो. तो एकच ओळ लिहितो: इनिटरॅमएफएसमध्ये ड्रायव्हर नव्हता, घातला. प्रोजेक्ट मॅनेजर त्याची चार पानं करतो, त्यात ‘लर्निंग्ज’ असा मथळा येतो आणि पुढच्या वेळी काय करायचं याची सूचना पुन्हा तिसऱ्या पानावर जाते.

या जातीच्या प्रत्येक गृहस्थाकडे एक एससीओची गोष्ट असते आणि ती ऐकून घेतल्याशिवाय तो सुट्टी देत नाही. रंगराजन समितीने १९८४मध्ये बँकांच्या संगणकीकरणाची वाट मोकळी केली आणि पुढे १९९०च्या दशकात शाखाशाखांतून एससीओ युनिक्स नांदू लागलं. मोठ्या बँका कोअर बँकिंगवर गेल्या. एखाद्या तालुक्याच्या पतसंस्थेत ते कोपऱ्यात धूळ खात पण बिनतक्रार चालत राहिलं. अशाच एका पतसंस्थेची मशिन आता मोडेल, मग मोडेल, म्हणून कुणीतरी तिची डिस्क उतरवून व्हर्च्युअल केली. उठवली तर पॅनिक: एसआरमाउंटफन, एरर १९, रूटडेव्ह १/४२. एरर १९ म्हणजे असं उपकरणच नाही. मूळ मशिन अडॅप्टेकच्या स्कझी कार्डावर, आणि व्हीएमवेअरच्या पोटात ते कार्ड कुठून येणार? पण व्हीएमवेअरला बसलॉजिकच्या कार्डाचं सोंग घेता येतं आणि त्याचा ड्रायव्हर एससीओकडे होता. जुना डबा सुदैवाने अजून धुगधुगत होता. गृहस्थ तिथे गेला, जुन्याच मशिनीवर तो ड्रायव्हर कर्नलात जोडून घेतला, मग डिस्क पुन्हा उतरवली, तिची भूमितीही जुळवली, कारण एससीओला हेड-सेक्टरचा हिशोब चुकलेला खपत नाही. संध्याकाळी लॉगिन आलं. अध्यक्षांनी पेढे मागवले.

पेढा हातात घेऊन कॅशियरबाई म्हणाल्या, ‘मशिन चालू झाली हो साहेब, पण पासबुक कशावर छापू?’

डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पॅरलल पोर्टवर होता आणि नव्या सर्व्हरला मागे-पुढे कुठेही पॅरलल पोर्ट नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी गृहस्थ पुण्याच्या तापकीर गल्लीत एका बाजूला पॅरलल आणि दुसऱ्या बाजूला नेटवर्क असलेला प्रिंट सर्व्हरचा डबा शोधत फिरत होता. तिसऱ्या दुकानात तो माळ्यावरून निघाला. दुकानदाराने फुंकर मारत विचारलं, ‘एवढं जुनं कशाला हवंय, काका?’ गृहस्थाने स्टूल पुढे ओढलं, बसला, आणि रंगराजन समितीपासून सुरुवात केली.