दिघोरीत सारेच समाजवादी

भारतात समाजवादी नसलेला पक्ष नोंदवता येत नाही. हा विनोद नाही, कायदा आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 29-अ 1989 पासून लागू आहे. ते म्हणतं, पक्षाची नोंदणी हवी असेल तर समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांवर आमची निष्ठा आहे, असं पक्षाच्या घटनेत लिहून द्या. उद्या राज्यातल्या तमाम सावकारांनी मिळून पक्ष काढला तरी त्यांना आधी समाजवादी व्हावं लागेल. ते होतीलही. दुसऱ्याला वाचू न देता सही घेण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना स्वतः न वाचता सही करणं कितीसं जड जाणार?

जड गेलं ते शरद जोशींसारख्या मोजक्यांना. शेतकऱ्याला बाजाराचं स्वातंत्र्य द्या म्हणणारा हा माणूस. स्वतंत्र भारत पक्षाचे खासदार म्हणून राज्यसभेत गेले आणि या कलमातला समाजवाद काढा म्हणून खासगी विधेयक घेऊन उभे राहिले. विधेयकाचं काय झालं हे सांगायला नकोच. सगळ्यांनी डोळे मिटून सही केलेला कागद एकट्यानेच वाचून दाखवला, की ऐकणाऱ्यांची पंचाईत होते. बाकीच्यांना पंचाईत कधीच नव्हती. काँग्रेसने 1955 साली आवडीला समाजवादी समाजरचनेचा ठराव केला, भाजपने 1980 साली जन्मल्याजन्मल्या गांधीवादी समाजवाद पत्करला, आणि पुढे दोघांनीही आपापली सोय पाहिली.

आता या कलमाची अंमलबजावणी पाहायची असेल तर दिल्लीला जाऊ नका, भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीला या. सरकारदप्तरी गावाचं नाव दिघोरी/मोठी. धानाचा पट्टा. इथे विचारसरणीची परीक्षा हिवाळी अधिवेशनात होते, कारण नागपुरात धानाचा बोनस तेव्हाच जाहीर होतो. डिसेंबर 2022 मध्ये सरकारने हेक्टरी 15 हजार जाहीर केले, पुढल्या वर्षी 20 हजार. मर्यादा दोन हेक्टरची. ही मर्यादा आली आणि ज्या घरात तीन पिढ्या वाटणीचा शब्द काढायची चोरी होती, तिथे लेक, सून, म्हातारी, सगळ्यांच्या नावे सातबारा असावा असं कर्त्या पुरुषाला आतून वाटू लागलं. मार्क्सला जे साधलं नाही ते जमिनीचं फेरवाटप बोनसने घरातल्या घरात करून दाखवलं.

पानठेल्यावर एका गुरुजींनी विषय काढला होता, की बोनस हा समाजवाद म्हणायचा की मतांची खरेदी. ठेल्यावरचे एक मामाजी म्हणाले, "गुरुजी, खात्यात आला तं समाजवाद जी, नाही आला तं घोषणा." राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात या विषयावर जे प्रकरण असतं, ते याहून लांब असतं एवढंच.

पानठेला हे या भागातलं खरं विद्यापीठ. स्वातंत्र्य म्हणजे काय यावर जॉन स्टुअर्ट मिलने 1859 साली ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं असं, की दुसऱ्याला इजा होत नाही तोवर माणसाच्या वागण्यात सरकारने हात घालू नये. त्याच्या स्वतःच्या भल्यासाठीसुद्धा नाही. राज्यात खर्ऱ्याला बंदी आहे. तरी कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत टाकून, लाकडी पाटीवर ती पन्नी दोन्ही तळव्यांनी घासत, सगळा ऐवज एकजीव ओलसर होईपर्यंत घोटणारा पोरगा मिल न वाचता मिलच्या बाजूने उभा असतो. गडबड होते ती पहिल्या पिचकारीला. मिलच्या मते आपलं स्वातंत्र्य दुसऱ्याच्या नाकाशी संपतं की कुठे, ते विद्वान ठरवोत. इथे ते आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीपर्यंत नक्कीच पोचतं, आणि थोडं तिच्यावर चढतंही.

परंपरावादीही इथे आहेत. एडमंड बर्कने 1790 साली लिहिलं, की समाज हा जिवंत माणसं, मेलेली माणसं आणि अजून जन्माला न आलेली माणसं यांच्यातला करार आहे. इंग्रजाला हे पुस्तकात लिहावं लागलं. आमच्या कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळात त्याचे तलाव बांधले. पाळ घालायची आपण, पाणी प्यायचं नातवाने. पुढे 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, आणि मेलेल्या माणसांनी केलेला करार पाहायला जिवंत माणसांपैकी कुणी उरलं नाही. तलावांत गाळ साचला. गाळ साचला की काठाकडून जमीन उघडी पडते, आणि उघडी जमीन दिसली की परंपरेचा सगळ्यात कडवा अभिमानी आधी नांगर घालतो. विचारलं तर सांगतो, आमच्या आज्यानेच बांधला होता ना जी हा तलाव. वारसा एवढा शब्दशः घेतलेला बर्कलाही झेपला नसता.

असो. हे झाले किरकोळ विचारवंत. भंडाऱ्याचा विचारांशी खरा मुकाबला झाला तो 1954 साली.

जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. लोकसभेची पोटनिवडणूक लागली. मतदारसंघ दुहेरी: एक जागा सर्वसाधारण, एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला मतं दोन. प्रजा समाजवादी पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन यांची युती होती. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता, लोकशाही समाजवादावर ग्रंथ लिहिलेले. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. या दोघांनी एकाच वेळी एकाच मतदारसंघात मतं मागावीत, एवढी चैन देशातल्या फारच थोड्या जिल्ह्यांच्या वाट्याला आली. मेहता निवडून आले. बाबासाहेब आठ हजारांहून अधिक मतांनी पडले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर जिंकले. मित्रपक्षाची मतं आपल्या पेटीत उतरत नाहीत, ही तक्रार आजकाल प्रत्येक आघाडी करते. तिचा मूळ सातबारा भंडाऱ्याचा आहे.

25 नोव्हेंबर 1949 ला बाबासाहेबांनीच संविधान सभेत बजावलं होतं, की राजकारणातली विभूतिपूजा हा अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा रस्ता आहे. मतदारांनी ते अंमळ जास्तच मनावर घेतलं आणि सुरुवात त्यांच्यापासूनच केली. आता 14 एप्रिलला हार घालायला रांग लागते आणि रांगेत एकूण एक पक्ष असतो. पुतळा निवडणूक लढवत नाही, हा त्याचा मोठा गुण.

निवडून आलेल्या मेहतांची गोष्ट याहून शिकण्यासारखी आहे, आणि आमच्या पुढाऱ्यांनी ती अर्धीच शिकली. 1953 साली बैतूलच्या अधिवेशनात मेहतांनी एक सिद्धांत मांडला होता. मागासलेल्या अर्थव्यवस्थेच्या काही निकडी असतात. अशा देशात विरोधकांनी नुसता विरोध करत बसू नये, सरकारशी सहकार्याची जागा शोधावी. स्वपक्षीयांनी त्यांना धारेवर धरलं. दहा वर्षांनी, 1963 मध्ये, ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले, पक्षाने त्यांना काढलं, 1964 ला ते काँग्रेसमध्ये गेले, केंद्रात मंत्री झाले. आणि 1968 साली सोव्हिएत फौजा झेकोस्लोव्हाकियात घुसल्या, भारत सरकारने धड निषेध केला नाही, म्हणून मंत्रिपद सोडून मोकळे झाले. प्रागसाठी मंत्रिपद सोडणारा माणूस भंडाऱ्याने एकदा संसदेत पाठवला होता, हे आज सांगितलं तर लोक विचारतात, प्राग हे कंत्राट कुठल्या रस्त्याचं?

क्रम लक्षात घ्या. मेहतांनी आधी सिद्धांत मांडला, दहा वर्षं शिव्या खाल्ल्या, मग पद आलं. आता सिद्धांत लागत नाही. पद दुपारी ठरतं, आणि संध्याकाळच्या पत्रकार परिषदेत 'विकासासाठी' एवढा एक शब्द पुरतो. बैतूलचा खर्च वाचला.

2018 ची इथली लोकसभेची पोटनिवडणूक घ्या. नाना पटोले 2014 ला भाजपतर्फे निवडून आले होते, शेतकऱ्यांच्या प्रश्नावर राजीनामा देऊन बाहेर पडले आणि काँग्रेसमध्ये परतले; मुळात काँग्रेसमधूनच निघाले होते. रिकाम्या जागेवर भाजपच्या विरोधात राष्ट्रवादीने मधुकर कुकडे यांना उभं केलं, जे पूर्वी तुमसरचे भाजपचेच आमदार होते. ते जिंकले. मतदान 28 मेचं. मतयंत्रं जागोजाग बंद पडली, दोष उन्हाला दिला गेला, 49 केंद्रांवर फेरमतदान झालं. मे महिन्यात भंडाऱ्यात माणसं चालतात, यंत्रं चालत नाहीत. पण यंत्राचीही बाजू आहे. उमेदवार कुठून कुठे आला याचा हिशेब लावता लावता गरम कोण होणार नाही?

2022 च्या मे महिन्याने कळस केला. मुंबईत महाविकास आघाडीचं सरकार, म्हणजे काँग्रेस आणि राष्ट्रवादी मांडीला मांडी लावून. इकडे गोंदिया जिल्हा परिषदेत राष्ट्रवादी भाजपसोबत गेली. भंडारा जिल्हा परिषदेत काँग्रेसने भाजपचा फुटलेला गट जवळ केला. दोन्ही जिल्हे 1999 पर्यंत एकच होते, मधे फार अंतर नाही. सकाळी गोंदियाला जो शत्रू तो दुपारी भंडाऱ्यात मित्र, आणि रात्री मुंबईच्या गाडीत बसला की पुन्हा शत्रू. दोन्ही बाजूंनी पाठीत खंजीर खुपसल्याचं सांगितलं. इतके खंजीर आणि एवढ्याच पाठी, त्यामुळे काही पाठी दोनदा वापराव्या लागल्या असतील. झाडीपट्टीतल्या नाटकात एक नट रात्री दोन भूमिका करतो तेव्हा निदान मिशी तरी बदलतो.

मतदार मात्र मोजूनमापून देतो. 2024 ला दिघोरीच्याच साकोली विधानसभा मतदारसंघात पटोले 208 मतांनी निवडून आले. 208 माणसं म्हणजे मंडईच्या जत्रेतल्या नाटकात उशिरा येऊन मागे उभी राहणारी मंडळी. तेव्हापासून तालुक्यात प्रत्येक जण आपण त्या 208 मधलेच असल्याचं सांगतो. आजवर भेटलेल्यांची बेरीज केली तर मताधिक्य लाखाच्या घरात जाईल.

अशोक मेहतांचा आणि गावाचा संबंध 1954 च्या निवडणुकीपाशी संपत नाही. डिसेंबर 1977 मध्ये जनता सरकारने पंचायत राज्याचा विचार करायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष तेच. 1978 च्या अहवालात एक शिफारस अशी, की राजकीय पक्षांनी पंचायतींत उघडपणे उतरावं. आपल्याकडे ग्रामपंचायतीला पक्षचिन्ह नसतं. छत्री, कपबशी, शिट्टी अशी निरागस चिन्हं असतात, पॅनेलला ग्रामदेवतेचं नाव असतं, आणि निकालानंतर जिल्ह्यातले सगळे पक्ष मिळून जेवढ्या ग्रामपंचायती जिंकल्याचा दावा करतात तेवढ्या जिल्ह्यात नसतात. मेहतांचं ऐकलं असतं तर ही बेरीज जुळली असती. म्हणूनच बहुधा ऐकलं नाही.

लोकशाहीच्या बाबतीत गाव दिल्लीच्या पुढे आहे, हेही नोंदवलं पाहिजे. अध्यक्षीय पद्धत बरी की संसदीय, यावर दिल्लीत पंचाहत्तर वर्षं परिसंवाद चालू आहेत. महाराष्ट्रातल्या गावाने 2017 साली थेट जनतेतून सरपंच निवडला, म्हणजे अध्यक्षीय. सरकार बदलल्यावर 2020 ला सदस्यांतून, म्हणजे संसदीय. 2022 ला पुन्हा सरकार बदललं, पुन्हा थेट. पाच वर्षांत दोनदा राज्यपद्धत पालटली, गावात कुत्रं भुंकलं नाही. स्त्रियांना निम्म्या जागा 2011 पासून आहेत. त्यावर पुरुषांनी शोधलेलं पद म्हणजे सरपंचपती. घटनेत याची तरतूद नाही, तरी शासनाचं कुठलंही पत्र त्याच्याच मोबाईलवर आधी येतं. एका सभेत सरपंचबाईंनी मात्र नवऱ्याला माणसांदेखत सांगितलं, "तुम्ही घरी जा, म्हशीचं पाहा, इथं माझं काम चालू हाय." पुरोगामी महाराष्ट्राच्या इतिहासात या वाक्याची नोंद झाली नाही, कारण इतिवृत्त लिहिणारा ग्रामसेवक त्या वेळी खाली मान घालून हसत होता.

इतिवृत्तावरून आठवलं. ग्रामसभा ही थेट लोकशाही; अथेन्सनंतर आपल्याकडेच म्हणायची. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतलं जे कमी असेल ते. तेवढी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे नव्व्याण्णव माणसांना घेता येत नाही तो निर्णय अकरा माणसांना घेता येतो, फक्त थोडं थांबावं लागतं. तालुक्यातल्या अशाच एका सभेचं सांगतो. गावाचं नाव सांगत नाही. दिघोरी समजू नये, आजूबाजूच्या गावांनी आपसात ठरवून घ्यावं. सभा रीतीप्रमाणे तहकूब झाली, रीतीप्रमाणे पुन्हा भरली, तलावावरच्या अतिक्रमणाचा विषय निघाला तेव्हा अतिक्रमण करणारेच बहुमतात होते, आणि विषय पुढच्या सभेवर गेला. दुसऱ्या दिवशी शिपाई रजिस्टर घेऊन सह्यांसाठी घरोघर फिरत होता. एक काका ओसरीवर बसले होते. त्यांनी विचारलं, "काय ठरलं?"

"ते लिहाचं हाय अजून. तुम्ही सही करा."

काकांनी सही केली, आणि नावापुढे ठसठशीत अक्षरांत लिहिलं: विरोध.

"कशाला विरोध जी? काही ठरलंच नाही ना."

"जे ठरन त्याले," काका म्हणाले. "आपला गट येगळा हाय."