भीड आणि कलम १२८

मोहोपाड्यात 'नाही' हा शब्द फारसा कुणी वापरत नाही. त्याच्या जागी 'बघतो' चालतं. बोलणाऱ्याच्या मनात 'नाही' असतं, ऐकणाऱ्याच्या कानात 'हो' पडतं आणि दोघंही खुशीत घरी जातात. भांडण पुढच्या आठवड्यात.

प्रस्तुत लेखक हा याच 'बघतो' संप्रदायातला. पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतीत फर्स्ट शिफ्ट करायची, सुट्टीला पनवेलला गेलं की अर्ध्या आळीची औषधं आणायची आणि गणपतीत दोन मंडळांचं खजिनदारपद सांभाळायचं. ती दोन्ही मंडळं एकमेकांशी बोलत नव्हती.

मग एक दिवस कंपनीतला मित्र दारात आला. "भाऊ, फक्त एक सही."

ही फक्त एक सही तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, आधारकार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो घेऊन, मित्राच्या कर्जाला जामीन म्हणून, एका पतसंस्थेत गेली. कागदांत पगारातून कपात करायचं संमतीपत्रही होतं. ते वाचायचं राहिलं, कारण मित्रासमोर कागद वाचणं म्हणजे अविश्वास दाखवणं. फोटोत लेखक हसतो आहे.

भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर, कर्जदाराची जबाबदारी तेवढीच जामीनदाराची. आधी कर्जदाराच्या मागे लागा, मग माझ्याकडे या, असं म्हणायची सोय नाही. सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात ते साठच्या दशकातच स्पष्ट केलं. महाराष्ट्राच्या सहकार कायद्याचं कलम १०१ थकबाकीच्या वसुली दाखल्यासाठी आहे. भिडेखातर केलेल्या सहीला यातल्या एकाही कलमात सवलत नाही. आजी 'भीड भिकेची बहीण' म्हणायची, तेव्हा तिने कायदा वाचलेला नव्हता.

मित्राने हप्ते थकवले. लेखकाच्या पगारातून पहिला हप्ता कापला गेला त्या आठवड्यात मित्र बाजारात नव्या मोटरसायकलवर भेटला. चहा घेऊ म्हणाला. चहाचे पैसे लेखकाने दिले.

यानंतर लेखक कि. मो. फडके यांच्या पुस्तकांकडे वळला. अमेरिकन मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत रुजवली ती फडक्यांनी. 'सगळ्यांनी मला चांगलं म्हटलंच पाहिजे' यातल्या 'च'वर एलिसचा राग. स्वतः एलिस एकोणिसाव्या वर्षी भलता लाजाळू. ते लाजणं घालवायला तो महिनाभर न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रियांशी बोलायला गेला. १३० जणींपैकी ३० लगेच उठून गेल्या, १०० बोलल्या, एकीने पुन्हा भेटायचं कबूल केलं आणि ती आलीच नाही. एलिसला काही झालं नाही. नकार ऐकून माणूस मरत नाही हे त्याला कळलं. नकार देऊनही मरत नाही, हे लेखकाला अजून कळायचं होतं.

सुरुवातीला नकार देताना लेखक कारणं देई. ती चूक. गाडी बिघडली आहे म्हटलं, तर समोरचा दांडफाट्यावरून मेकॅनिक घेऊन आला.

मागच्या महिन्यात दुसरे एक गृहस्थ आले. "साहेब, फक्त सही." लेखकाच्या घशाला कोरड पडली, पण शब्द बाहेर आले : "मला जमणार नाही." का, असं त्यांनी विचारलं. "जमणार नाही." तिसऱ्यांदाही तेच. आतून बायकोने डोकावून पाहिलं, बहुधा दुसराच कुणी बोलतो आहे असं वाटून.

गृहस्थ पाणी पिऊन गेले. दुसऱ्या दिवशी स्टँडवर भेटले, हसले आणि रविवारी गाडी मिळेल का म्हणून विचारलं. मिळाली नाही.

मित्राच्या कर्जाचे अजून १४ हप्ते बाकी आहेत.