शेठचा शो

हंगामात नारायणगावच्या टोमॅटो बाजारात पिकअपची रांग लागते. गाड्या बहुतेक एकाच कंपनीच्या, रंगही तोच पांढरा, पण एकीचं तोंड दुसरीसारखं असेल तर शपथ. कुणी बंपर बदललेला, कुणी जाळी, आणि कुणी बिचाऱ्याने हप्ते थकल्यामुळे नुसत्या लिंबू-मिरचीवर भागवलेलं. या रांगेतल्या एका गाडीसमोर हमालसुद्धा डोक्यावरच्या क्रेटसकट क्षणभर थबकतात. ती गाडी शेठची.

शेठ म्हणजे आडतदार वगैरे कुणी नव्हेत. बाजारात ज्याच्या नावावर चार चाकं, तो शेठ. आपल्या शेठकडे १.७ टनाची एक पिकअप आहे, तिच्यावर फायनान्सचा बोजा आहे, आणि 'गाडी पुढून दिसली पाहिजे, मागून कोण बघतंय' हे तत्त्व आहे. पेट्रोल पंपावर, टोलवर, लग्नाच्या मांडवाशी, कुठेही ते गाडी अशी लावतात की येणाऱ्या-जाणाऱ्याला तिचं तोंडच दिसावं. त्यापायी निघताना चारदा पुढे-मागे करावं लागलं तरी बेहत्तर.

तोंडाची पाहणी वरून करू. काचेवर फायबरचा व्हायझर, त्यावर रेडियमच्या अक्षरांत ग्रामदैवताचं नाव आणि त्याच्या शेजारी, देवाला चालेल असं गृहीत धरून, 'नाद नाय करायचा'. व्हायझरने काचेचा वरचा वीतभर भाग खाल्ला आहे, त्यामुळे सिग्नलला शेठ स्टिअरिंगवर हनुवटी टेकून वर बघतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, माणूस देवाचं नाव घेतोय. खाली बॉनेटवर हवा आत घेणारा फायबरचा डबा. त्यात हवा जात नाही, कारण खालच्या पत्र्याला भोकच नाही. डबा डबल टेपने चिकटवला आहे. त्याखाली शो, म्हणजे गाडीची पुढची जाळी. कंपनीची मूळ जाळी शेठना 'सरकारी' वाटायची, म्हणून तिच्या जागी काळी जाळी आली आणि हेडलाइटवर दोन तिरप्या भुवया. गाडी आता कायम चिडलेली दिसते. टोमॅटोचा भाव बघून चिडली असावी, असं शेतकरी म्हणतात.

खरी गंमत या भुवयांपासून सुरू झाली. त्यांनी हेडलाइटचा वरचा भाग झाकला आणि रात्री रस्ता कमी दिसू लागला. भुवया काढायच्या, हा विचार कुणाच्याही मनात आला असता. शेठच्या आला नाही. त्यांनी बल्ब बदलले. कंपनीचे ६०/५५ वॉटचे होते, त्या जागी १००/९० चे आले. रिले लावा, असं वायरमन म्हणाला. शेठ म्हणाले, रिले कुठे दिसतो? जे दिसत नाही त्याला पैसे घालायचे नाहीत, हा नियम. आठवडाभरात प्लॅस्टिकचा होल्डर वितळला आणि केबिनमध्ये खरपूस वास सुटला. मग बल्बवरचा विश्वास उडून बंपरवर एलईडीची लांबलचक पट्टी आली. या एलईडीसाठी बंपर रुंद हवा होता, म्हणून बंपर बदलला. नवा बंपर फायबरचा. एका गतिरोधकावर तो खालून तडकला. बंपर सांभाळायला गार्ड आणला. अशा रीतीने शेठच्या गाडीचा प्रत्येक भाग हा आधीच्या भागाने केलेली अडचण निस्तरायला आलेला आहे. पहिल्या भागाआधी अडचण कसली होती, हे विचारलं की शेठ आपल्याकडे दयेने बघतात.

माल आणतात पुण्याहून, नाना पेठेतून. तिथल्या दुकानात शेठचं जे आगतस्वागत होतं ते सासुरवाडीतही झालं नसेल. दुकानदार आधी चहा मागवतो आणि मग आवाज खाली आणून म्हणतो, ''शेठ, हा दिल्लीचा माल. कश्मिरी गेट. लोकल वेगळा ठेवलाय, तो मी तुम्हाला दाखवणारसुद्धा नाही.'' शेठ विरघळतात. लोकल न दाखवल्याचे पाचशे रुपये ते हसत जास्त मोजतात. घासाघीस त्यांना येत नाही असं नाही. टोमॅटोच्या भाड्यात क्रेटमागे एका रुपयासाठी ते अर्धा तास भांडतात. पण शोच्या बाबतीत घासाघीस केली तर गाडीला कमीपणा येतो.

गार्ड बसवायचा दिवस मी पाहिला आहे. चकचकीत जाड नळी, मध्ये आडव्या दोन पट्ट्या, वजन चाळीस किलोच्या घरात. दोघांनी उचलून चासीच्या तोंडाशी धरली. मेस्त्री खाली उताणा.

''शेठ, होल जुळत नाही.''

''किती?''

''बोटभर.''

''मग मोठं करा की.''

''गार्डाचं का चासीचं?''

शेठ गंभीर झाले. ''खालून कुठलं दिसत नाही?''

मेस्त्रीने उत्तर न देता गॅस कटर मागवला. होल मोठं झालं, ते इतकं मोठं झालं की बोल्ट त्यातून आरपार जाऊ लागला. मग वॉशर आले, एकावर एक तीन. गार्ड बसला आणि लक्षात आलं की नंबर प्लेट त्याच्या मागे गेली. ही प्लेट म्हणजे ती सरकारने उच्च सुरक्षेची म्हणून सक्तीची केलेली, न निघणाऱ्या लॉकची. मेस्त्रीने छिन्नीचे दोन ठोके दिले आणि सुरक्षा निघाली. आता ती प्लेट गार्डाच्या खालच्या पट्टीला बाइंडिंग तारेने बांधलेली आहे आणि वाऱ्यावर हलते. शेठ चार पावलं मागे गेले, कमरेवर हात ठेवले, मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे केली. ''आता दिसतीय गाडी,'' ते म्हणाले. मेस्त्री अजून खालीच होता. त्याला पाटे दिसत होते. ''शेठ, डाव्या बाजूचा एक पाटा मोडलाय.'' शेठ म्हणाले, ''बघू पुढच्या महिन्यात.''

तेवढ्यात वाकडीतिकडी काठी टेकत शेठचे वडील आले. म्हातारा जुना गाडामालक. जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यात बैलगाडा शर्यतीचं वेड किती, हे वेगळं सांगायला नको. घराची कौलं फुटलेली असताना म्हाताऱ्याने बैलांना पितळी शेंब्या केल्या होत्या, त्याची गोष्ट घरात अजून निघते. म्हणजे रोग आनुवंशिक आहे. तरी म्हाताऱ्याने गार्डाकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, ''शेंबी घातली म्हंजी शिंगाचं टोक झाकतंय. तू तर नव्हतं ते टोक काढलंस.''

गार्डावर आजवर बरंच लिहिलं-बोललं गेलं असेल, पण याहून नेमकं कुणी बोललेलं माझ्या ऐकण्यात नाही. बंपर ठोकरीने दबतो, मोडतो, आणि धक्का स्वतःकडे घेतो. तेच त्याचं काम. गार्ड दबत नाही. तो बोल्टने सरळ चासीला बांधलेला, त्यामुळे धक्का जशाच्या तसा चासीत जातो. आणि समोर माणूस असेल, सायकलवाला असेल, तर उरलेला हिशेब त्याच्याकडे. शेठच्या बाकी सगळ्या हौसेला मी टाळ्या वाजवायला तयार आहे, या एका नळीला नाही.

आता मागची बाजू. खरं तर व्यक्तिचित्रात ती आणू नये, शेठना आवडणार नाही. हौद्याचा पत्रा दोन ठिकाणी कुजून त्यातून रस्ता दिसतो. फाळक्याची डावी कडी गेली, तिथे सुतळी आहे. मागचे दोन्ही टायर गोटा. वहिनी एकदा म्हणाल्या, ''पुढं चार लाईट लावल्यात, मागं एक तरी लावा, ब्रेकचा.'' शेठ म्हणाले, ''मागच्यानं अंतर ठेवावं.''

एलईडीची खरी परीक्षा माळशेज घाटात झाली. भर पावसाळा, गाडीत वाशीचा माल, आणि घाटात धुकं असं की बॉनेटवरचा डबासुद्धा दिसेना. शेठनी मोठ्या अभिमानाने बटण दाबलं. पांढराशुभ्र उजेड धुक्यावर आपटून तसाच परत आला आणि काचेसमोर चुन्याची भिंत उभी राहिली. बटण बंद केलं तर भुवयांखालचे हेडलाइट. त्यांचा उजेड होता म्हणायचा इतकाच. इतक्यात पुढे एसटीचे दोन मिणमिणते लाल दिवे दिसले. शेठनी त्यांचा माग धरला. एसटी थांबली की थांबायचं, वळली की वळायचं. ज्या गाडीच्या तोंडावर गावाने एवढं कौतुक उधळलं, ती सबंध घाट एका एसटीचं ढुंगण बघत उतरली. किन्नर बरोबर होता म्हणून ही गोष्ट कळली. शेठच्या तोंडून ती कधीच आली नाही. त्यांच्या आठवणीत त्या रात्री एसटीला रस्ता त्यांच्या उजेडानेच दिसत होता.

परतीच्या वेळी वेगळंच. परतीचं भाडं म्हणून सिमेंटच्या गोण्या भरल्या, घाट चढायला घेतला आणि काटा लालवर. रेडिएटरला हवा कुठून मिळावी? पुढे गार्डाच्या पट्ट्या, त्याला लटकणारी नंबर प्लेट, मागे काळी बारीक जाळी, आणि त्या जाळीवर दसऱ्याला घातलेला झेंडूचा हार, जो उतरवला तर गाडीला राग येईल. शेठ बॉनेट उघडं टाकून अर्धा तास घाटात उभे. तरी येणारे-जाणारे ट्रकवाले हॉर्न वाजवून दाद देत होते म्हणे. बॉनेट उघडं असल्यामुळे बाकी काही दिसत नसणार, पण गार्ड दिसत होता.

कायद्याचं काय, असं तुम्ही विचाराल. कायदा शेठना पाठ आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीत मनाने बदल करू देत नाही. २०१७ च्या डिसेंबरात केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना गार्डवाल्यांवर कारवाई करायला कळवलं. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनीने दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या रूपाशी न जुळणारा बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा एका बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. या 'एका बदलाला' वर मेस्त्रीने एकदा क्रेटच्या पुठ्ठ्यावर हिशेब मांडला: व्हायझर पाच, डबा पाच, शो पाच, भुवया दोन्ही मिळून पाच धरू, एलईडी पाच, बंपर पाच, गार्ड पाच. पस्तीस हजार. शेठनी पुठ्ठा नीट वाचला आणि समाधानाने म्हणाले, ''म्हणजे सरकारनंपण किंमत केलीय.'' शिवाय त्यांची एक आशा आहे. २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राचा बैलगाडा शर्यतीचा कायदा वैध ठरवला. ''बैलाला मिळाली, गार्डालाबी मिळंल परवानगी,'' असं ते चहाच्या टपरीवर ठासून सांगतात. त्यात नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात. तोंडाला रंग लावून बाहेर पडणं हा गुन्हा आहे, हे इथल्या माणसाला पटवायचं कसं?

तरी एक दिवस असा येतो की शेठना रंग उतरवावा लागतो. पासिंगचा. व्यापारी गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस दाखवावा लागतो. आदल्या रात्री मेस्त्रीच्या शेडमध्ये गार्ड, भुवया, पट्टी, डबा सगळं उतरतं आणि मूळ बंपर बसतो. शेठ त्या दिवशी तोंडाला रुमाल बांधून आरटीओत जातात. धुळीमुळे, असं सांगतात. गाडी मात्र त्या दिवशी थंड चालते, रात्री परतताना रस्ता स्वच्छ दिसतो, आणि व्हायझर नसल्याने शेठना हनुवटी टेकावी लागत नाही. हे मी त्यांना सांगून पाहिलं. ''आहो, पण ओळखू येत नाही ना गाडी,'' ते कळवळून म्हणाले. ''बाजारात लावली तर मीच दुसऱ्याच्या गाडीत चावी घालीन.''

मूळ बंपरचं म्हणाल तर शेठचा स्वतःचा केव्हाच भंगारात गेला. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरच्या सगळ्या हौशी गाड्यांत मिळून कंपनीचा धड बंपर एकच शिल्लक आहे. तो मेस्त्रीच्या गोठ्यात कडब्याखाली असतो आणि ज्याचं पासिंग त्याच्या तोंडावर जातो. पुढचं पासिंग शेठचंच आहे, त्यानंतर दोघांनी सांगून ठेवलंय. तुमची गाडी याच मॉडेलची असेल आणि तारीख जवळ आली असेल, तर मेस्त्रीकडे आत्ताच नंबर लावा. आणि बंपर परत आणून देताना बोल्ट मोजून द्या, मागच्याने दोन कमी दिले होते.