एव्हरीवनला फुल कंट्रोल

मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २०१२चा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ रोजी बंद केला. ही बातमी आमच्या हापिसात यंदा पोचली, तीही ऑडिटरने शेरा मारला म्हणून. नाहीतर जिन्याखालचं ते खोकं आणखी दहा वर्षं घरघरत राहिलं असतं आणि कुणाचं काही अडलं नसतं, असं अकाउंट्सचं ठाम मत आहे.

नवा सर्व्हर शनिवारी बसला. नारळ फुटला, पेढे वाटले. सोमवारी पहिली बोंब उठली ती स्कॅनरची. कागद आत जायचा, बाहेर यायचा, फोल्डरात मात्र शुकशुकाट. एएमसीवाला पोरगा म्हणाला, हा स्कॅनर एसएमबीच्या, म्हणजे नेटवर्कवर फाईली देण्याघेण्याच्या प्रोटोकॉलच्या, पहिल्या आवृत्तीवर चालतो आणि नव्या सर्व्हरवर ती मुळात बसवलेलीच नसते. कारण मे २०१७मध्ये वॉनाक्राय रॅन्समवेअरने जगभरातले कॉम्प्युटर ओलीस धरले ते तिच्याच भोकातून शिरून. भोक बुजवणारं ठिगळ मार्चमध्येच आलं होतं, लावायचं तेवढं राहिलं होतं. (परदेशातही आपल्यासारखीच हापिसं असतात, हे कळून बरं वाटलं.) साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते भोक परत पाडता येईल का?"

येतं. पाडलंही.

पण खरी पंचाईत पुढेच होती. जुन्या सर्व्हरवर गेस्ट खातं उघडं होतं, कुणीही यावं, कुठलीही फाईल उचलावी. नवा सर्व्हर विचारतो, तू कोण? निम्म्या हापिसाला याचं उत्तर देता येईना. डिस्पॅचमधली चार माणसं रिटायर झालेल्या एकाच गृहस्थाच्या नावाने लॉगिन करत होती. पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर होता, आणि चिठ्ठी पडू नये म्हणून वरून सेलोटेप.

त्यातून परवानग्या दोन ठिकाणी. एक शेअरची, दुसरी खुद्द फोल्डरची, म्हणजे एनटीएफएसची. दोन्हींत जी कडक, ती चालते. साहेबांनी सही केली आणि हेडक्लार्कने फाईल दाबून ठेवली तर काम होतं का? तसंच. वर आणखी एक नियम: तुम्ही दोन ग्रुपांत असाल, एकाने 'अलाव' म्हटलं आणि दुसऱ्याने 'डिनाय', तर डिनाय जिंकतं. अकाउंट्सच्या बाई नोकरीला लागल्या तेव्हा हंगामी होत्या. कायम झाल्या, पोरांची लग्नं झाली, पण डिनाय लावलेल्या हंगामींच्या ग्रुपातून त्यांचं नाव काढायचं कुणाला सुचलं नाही. परिणामी स्वतः बनवलेली पगाराची शीट त्यांनाच उघडेना. पोराने नाव काढलं. तरी उघडेना.

"बाई, एकदा लॉगऑफ करून परत लॉगिन करा."

"मी मशीन बंद करत नसते. बंद केलं की सुरू होत नाही."

ग्रुपातला बदल पुन्हा लॉगिन केल्याशिवाय लागू होत नाही, हे त्याने तीन प्रकारे समजावलं. बाईंनी तीन प्रकारे नकार दिला. मग महिनाअखेर आली, पगार अडले, आणि पोराने तेच केलं जे अशा वेळी सगळे करतात: डिनाय रद्द, एव्हरीवन, फुल कंट्रोल, खालच्या सगळ्या फोल्डरांनाही लागू, ओके. पगार झाले. बाईंनी त्याला चहा पाजला. कुणाला किती पगार, हे दुपारपर्यंत अख्ख्या हापिसाला कळलं आणि कामकाज दोन दिवस ठप्प झालं.

मग मीटिंग. ज्याला जेवढं लागतं तेवढंच द्यायचं, असं ठरलं. पण 'लागतं' याचा अर्थ हुद्द्याप्रमाणे लागला. पोराने साहेबांना 'मॉडिफाय' देऊ केलं. वाचा, लिहा, पुसा, सगळं होतं. फक्त दुसऱ्यांच्या परवानग्या बदलता येत नाहीत आणि फाईल आपल्या नावावर करून घेता येत नाही. साहेबांनी एकच विचारलं, "म्हणजे फुल नाही ना?" फुल दिलं. मग धाकट्या साहेबांनाही द्यावं लागलं.

आठवड्याभरात टेंडरचं फोल्डर गायब. नेटवर्कवरून पुसलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही, म्हणून सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. संध्याकाळी ते सापडलं दिवाळीच्या भेटवस्तूंच्या फोल्डरात. माउस घसरला की एक फोल्डर शेजारच्यात अलगद जाऊन बसतं. आणि हे फक्त दोघांनाच करता येत होतं.

साहेबांनी तातडीने आदेश काढला, शिपायाची परमिशन काढून घ्या.

"त्याला परमिशन नव्हतीच, सर."

"मग आधी द्या आणि मग काढा. रेकॉर्डवर काहीतरी कारवाई दिसायला नको?"